हेनेकन आणि आपला चकणा: काय जमतं, काय फसतं

आधीच सांगून टाकतो, मला हेनेकन ही बीअर आवडते आणि त्याच मनाने हे लिहितोय, पण आवडते म्हणून काहीही खपवून घेणार नाही, जिथे फसली तिथे फसली असंच लिहीन.

पुण्यात हल्ली बीअर पिणाऱ्यांचे दोन गट झालेत. एक बाणेर, कल्याणीनगर, मुंढव्याच्या ब्रूपबमधे जाऊन संत्र्याची साल आणि धने घातलेली विटबीअर, म्हणजे गव्हाची बीअर पिणारे, त्यांना कंपनीची लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली फिकी बीअर, सपक वाटते. दुसरे वाइन शॉपच्या काउंटरवर पैसे सरकवून नुसतं "स्ट्राँग दे" म्हणणारे, त्यांना पाच टक्क्यांची बीअर म्हणजे पाणी. ह्या दोघांच्या ओढाताणीत साधी युरोपियन लागर कोणी नीट चव घेऊन पितच नाही आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. कारण ही नुसती प्यायची बीअर नाहीच, ही खाण्याबरोबरची बीअर आहे, आणि तिच्याबरोबर खायला आपल्याकडे जे आहे ना ते बघून तिच्या गावचे लोक पण खूश होतील.

तर गेले चार शनिवार मी घरी, कोथरूडला, दर वेळी वेगळा चकणा काढून हीच एक बीअर प्यायलो, सोबत बायको आणि रत्नागिरीहून आलेला मेहुणा, आणि प्रत्येक घासानंतर काय वाटलं ते वहीत लिहून ठेवलं. मेहुणा पक्का स्ट्राँगवाला, पहिल्याच शनिवारी म्हणाला "भावोजी, ह्यात काय आहे हो, हे तर सोडा लागतंय." त्याला म्हटलं चौथ्या शनिवारपर्यंत थांब.

आता चव. ग्लासात ओतल्यावर रंग फिका सोनेरी, एकदम आरपार दिसणारा. पहिला वास ताज्या ब्रेडच्या आतल्या मऊ भागाचा येतो, म्हणजे बार्लीच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा), त्यामागून थोडा गवतासारखा हिरवा वास, तो हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा. आणि मग अजून एक काहीतरी गोडसर फळासारखं होतं जे मला कळत होतं पण नाव सापडत नव्हतं, ते बायकोने ओळखलं. ती दोन घोटांच्या वर घेत नाही पण नाक भयंकर तिखट, तिने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली "वेलची केळं." आणि खरंच, पिकलेली वेलची केळी सोलताना जो वास येतो तोच, फक्त खूप लांबून आल्यासारखा.

हा वास उगीच येत नाही. अ‍ॅमस्टरडॅममधे १८६४ साली जेरार्ड हेनेकन नावाच्या तरुणाने जुनी ब्रूअरी विकत घेऊन हा धंदा सुरू केला, आणि १८८६ मधे लुई पाश्चरचे शिष्य डॉ. हार्टोग एलियन ह्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत एक यीस्ट, म्हणजे बीअर आंबवणारा सूक्ष्म जीव, वेगळं काढलं, त्याला ए-यीस्ट म्हणतात, आणि आजही बीअर त्याच यीस्टच्या वंशावर बनते. म्हणजे आपल्याकडे एखाद्या घरात आजीचं विरजण पिढ्यानपिढ्या चालावं ना, तसंच. ते केळ्याचं फळपण ह्या यीस्टमधून येतं. लागरचं यीस्ट थंडीत हळूहळू काम करतं आणि नंतर बीअर गार ठिकाणी साठवून मुरवतात, जर्मनमधे लागर्न म्हणजे साठवणं, त्यावरूनच नाव पडलं. मुरल्यामुळे चवीतले खडबडीत कोपरे झिजतात, म्हणून लागर गुळगुळीत लागते, आणि म्हणूनच घाईत प्यायली तर त्यात काहीच नाही असं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे घटक. कॅनवर वाचा, पाणी, बार्ली माल्ट, हॉप्स, संपलं. बऱ्याच लागरमधे तांदूळ, मका नाहीतर साखर घालून अंग हलकं करतात, त्यात बेकायदा किंवा वाईट काही नाही पण मग ती ब्रेडची चव पातळ होते. हेनेकनमधे ती राहते. कडूपणा मात्र मध्यम, घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला थोडा वेळ येतो आणि जातो. ज्यांना खरा कडू पिल्सनर हवा त्यांचं ह्यात समाधान होणार नाही. ह्या सगळ्या फिक्या लागरची मूळ बीअर चेकमधल्या पिल्झेन गावात १८४२ मधे जोसेफ ग्रोल ह्या बव्हेरियन माणसाने बनवली, तिच्यात साझ जातीच्या हॉप्सचा कडूपणा चांगला ठसठशीत असतो, त्या मानाने हेनेकन खूपच सौम्य. कार्ल्सबर्ग मला अजून गोडसर आणि गोल वाटते. हेनेकन ह्या दोघींच्या मधे कुठेतरी. तिचीच सिल्व्हर नावाची ४ टक्क्यांची पण मिळते, ती मी एकदा घेतली, खाण्यापुढे टिकत नाही, परत घेणार नाही.

आणि हो, "इंपोर्टेड" म्हणून कोणी भाव खात असेल तर लेबल वाचायला सांगा, २०११ पासून ही भारतातच युनायटेड ब्रूअरीज बनवते. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट ताजी मिळते. बीअर ताजी असण्याला फार किंमत आहे, उत्पादनाची तारीख बघून दोन-तीन महिन्यांच्या आतली घ्या, जुन्या लागरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते.

आता बाटलीबद्दल, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण ह्यावरून माझा एक शनिवार वाया गेला होता. मागच्या वर्षी एका दुकानातून हिरव्या बाटलीतली एक लागर आणली होती, ब्रँड दुसराच होता, दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, पण बाटल्या रस्त्याकडच्या काचेला लावून ठेवलेल्या आणि दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. घरी आणून गार केली, झाकण काढलं तर हिंगाची डबी उघडल्यासारखा वास. मला वाटलं नासली, मित्र म्हणाला गरम होऊन परत थंड झाली की असंच होतं. दोन्ही चूक. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की ते तुटतात, बीअरमधलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व त्याला मदत करतं, आणि गंधकाचा एक असा पदार्थ तयार होतो जो नखाएवढाही नसला तरी नाकाला लगेच कळतो. अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी घाण वासाचा फवारा मारतो त्याच जातीचा हा वास, म्हणून तिकडे अशा बीअरला स्कंक झालेली म्हणतात. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी काच जवळजवळ नाहीच अडवत. उन्हात तर काही मिनिटांत होतं आणि दुकानातल्या फ्रिजच्या ट्यूबलाइटखाली दिवसेंदिवस उभी राहिलेली बाटलीसुद्धा हळूहळू बिघडते.

म्हणून माझं स्पष्ट मत, हेनेकन घ्यायची तर ५०० मिलीचा कॅन घ्या. कॅनमधे उजेड जातच नाही. बाटलीच हवी असेल तर पुढच्या रांगेतली नको, दुकानदाराला आतल्या खोक्यातली काढून द्यायला सांगा, चांगले दुकानदार देतात. दिसायला हिरवी बाटली सुंदर आहे हे मान्य, तो लाल तारा आणि किंचित मागे कललेला हसरा "ई" टेबलावर छान दिसतो, पण चव बघायला बसलोय ना आपण.

जाता जाता ग्लिसरीनचंही. आपल्याकडे पाण्याच्या ग्लासात बीअरची बाटली उलटी धरतात आणि जे जाडसर खाली उतरताना दिसतं त्याला ग्लिसरीन म्हणतात. ती बीअरच असते. साखरेचे अंश शिल्लक असल्यामुळे ती पाण्यापेक्षा थोडी जड, म्हणून खाली जाते, बस. मेहुण्याने हा प्रयोग पहिल्या शनिवारी केलाच, ओट्यावर सांडलं ते वेगळं.

पिण्याआधी दोन गोष्टी करा. एक, ग्लास. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तेलाचा जरासा थर राहिला तरी फेस टिकत नाही. आम्ही दोन ग्लास शेजारी ठेवले, एक नेहमीसारखा रॅकवरून उचललेला, एक गरम पाण्याने चोळून धुऊन मग गार पाण्याखाली धरून ओलाच घेतलेला. पहिल्यात फेस मिनिटभरात बसला आणि कडेला मोठे मोठे बुडबुडे चिकटून राहिले. दुसऱ्यात दोन बोटं फेस उभा राहिला आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर पांढरी जाळी राहत गेली, पिता पिता सहा घोटांच्या सहा रेघा मोजता आल्या. फेस म्हणजे कमी भरली असं आपल्याकडे वाटतं पण वास त्या फेसातूनच येतो, तिरका ग्लास धरून सुरुवात करा आणि शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या.

दोन, गारवा. चिल्ड चिल्ड म्हणून फ्रीजरमधे टाकू नका. बर्फासारखी गार बीअर म्हणजे जीभ बधिर, मग कुठलीही बीअर सारखीच. साध्या फ्रिजमधून काढून सात-आठ मिनिटं टेबलावर राहू द्या, तेव्हा ते वेलची केळं आणि ब्रेड वर येतो. मे महिन्यात मात्र थांबू नका, लगेच ओता, पुण्याचा उन्हाळा ते काम स्वतः करतो.

आता चकणा. पहिल्या शनिवारी साधंच ठेवलं होतं, खारे दाणे, उकडलेल्या शेंगा, चिवडा. खारे दाणे सगळेच खातात पण मला उकडलेल्या शेंगा खूप जास्त आवडल्या. मंडईतून ताज्या ओल्या शेंगा आणून मीठ घालून कुकरला लावल्या, दाणा मऊ आणि आतून गोडसर, आणि मिठाचं पाणी टरफलात राहतं ते शेंग फोडताना आधी तोंडात येतं. मिठाने कडूपणा दबतो, हे नुसतं वाटणं नाही, खरंच जिभेवर तसं होतं, त्यामुळे शेंगेनंतरचा घोट आधीच्या घोटापेक्षा गोड लागतो आणि माल्ट पुढे येतो. लक्ष्मीनारायण चिवडा ठीक, गोड-खारट म्हणून चालून जातो, पण बेदाणा दाताखाली आला की बीअर एकदम कडू वाटते.

बाकरवडीबद्दल मी साशंक होतो. गोड, आंबट, तिखट, बडीशेप, खसखस, खोबरं, इतकं सगळं त्या एवढ्याशा वडीत असतं की बीअरला जागाच कुठे उरणार असं वाटत होतं. पण चितळ्यांची बाकरवडी आणि हेनेकन हे मला चारही शनिवारांतलं सगळ्यात अनपेक्षित सापडलेलं. त्याचं कारण आतलं सारण नाही, बाहेरचं आवरण. ते तळलेलं खुसखुशीत पीठ आणि बीअरमधला माल्ट ह्यांची चव एकाच घरातली आहे, दोन्हीकडे भाजल्यासारखा गोडवा, त्यामुळे घोट घेतल्यावर वडीची चव तुटत नाही, लांबते. मग मागून बडीशेपेचा वास येतो आणि तिथे ते केळं परत दिसतं. फक्त पाकिटातली थोडी जुनी, मऊ पडलेली नको, कडक पाहिजे. एका घोटाला अर्धी वडी, ह्याच प्रमाणात खा, सबंध वडी तोंडात टाकली तर मसाला वरचढ होतो.

दुसऱ्या शनिवारी तिखट. इथे बीअर हरली, सरळ सांगतो. तर्रीवाली मिसळ आणि सोबत हेनेकन, तिसऱ्या घोटाला मी आणि मेहुण्याने ग्लास बाजूला ठेवले. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि कडक दारूत विरघळतं, पाच टक्के अल्कोहोलला तिथे काही करता येत नाही, वरून बीअरचे बुडबुडे आधीच पोळलेल्या जिभेला अजून टोचतात आणि हॉप्सचा कडूपणा तिखटात भर घालतो. म्हणजे लोक तिखटावर उतारा म्हणून गार बीअर घेतात ते उलटंच आहे, क्षणभर गार वाटतं आणि मग जास्त भाजतं. ठेच्याचंही तेच. मिसळीबरोबर ताकच बरं. काळ्या मसाल्याचं सुकं मटण पण करून बघितलं, त्यात तिखट बेताचं होतं, भांडण झालं नाही पण मसाल्यापुढे बीअर दिसेनाशीच झाली, तिथे काहीतरी गडद, भाजक्या माल्टची बीअर हवी. मेहुणा म्हणाला "इथे माझी स्ट्राँग बरी," आणि मटणापुरतं मला त्याचं पटलं.

तिसऱ्या शनिवारी पाऊस होता, बायकोने कांदाभजी काढली. नेदरलँड्समधे संध्याकाळी बीअरबरोबर बिटरबॉलन खातात, म्हणजे मांसाच्या घट्ट रश्शाचे ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेले गरम गोळे, सोबत मोहरीची चटणी. म्हणजे तळलेलं, खारट, गरम, आणि त्यावर गार लागर, मूळ कल्पना हीच. मग आपली भजी, कोथिंबीर वडी, अळूवडी काय कमी आहेत! कांदाभजीत कांद्याच्या कडा करपून गोड होतात ना, तिथे बीअर फार छान बसते. अळूवडीत चिंच-गूळ असल्यामुळे थोडी डावी-उजवी, पण कोथिंबीर वडी अव्वल, वरचे तीळ आणि हॉप्सचा हिरवा वास जुळतात. भजी म्हटलं की सिंहगड आठवतोच, पण तिथे ताक आणि दहीच, गडावर बीअर नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, हे सगळं घरी बसून करायचं.

चौथा शनिवार बोंबलांचा. मी आणि मेहुणा सकाळी गणेश पेठेच्या मासळी बाजारात गेलो, बोंबील त्यानेच निवडले, मला त्यातलं कळत नाही, तो कल्ला उचलून बघत होता आणि तोंडाकडे लालसर असलेलेच घेत होता. घरी आणून साफ करून मधे चिरून उघडले, सुती कापडात गुंडाळून वर पाटा ठेवला आणि दोन तास तसेच ठेवले, कारण बोंबलात पाणी फार, ते निघालं नाही तर तव्यावर लगदा होतो. मग हळद, मीठ, मालवणी मसाला बेताचा, आणि लिंबाऐवजी कोकमाचं आगळ. रवा आणि तांदळाचं पीठ अर्धं अर्धं, त्यात घोळवून तव्यावर कडेने तेल सोडत.

तव्यावरून थेट ताटलीत, फुंकर मारून पहिला तुकडा. वरचा रवा कुरकुरीत, आत बोंबील लोण्यासारखा, दात लागायच्या आधी विरघळणारा, आणि जिभेवर तेलाचा एक थर. त्यावर हेनेकनचा घोट घेतला आणि तो थर गेला. अक्षरशः गेला, बुडबुड्यांनी खरवडून काढल्यासारखा, कडूपणाने मागचं तेल पुसलं, आणि माशाचा गोडवा जो तेलाखाली दबला होता तो नंतर वर आला. आगळाचा आंबटपणा बीअरमधे नाहीच, त्यामुळे लिंबू पिळल्यासारखं काम ते करतं. मग दुसरा तुकडा पुन्हा पहिल्यासारखाच ताजा लागतो, आठव्या तुकड्यालाही तेच. स्ट्राँगमधे हे होत नाही, मेहुण्याने आपली बीअर शेजारी ठेवूनच तुलना केली, तिच्यातली दारूची ऊब आणि गोडवा माशावर बसून राहतो. तो काही बोलला नाही, पण दुसरा कॅन त्याने हेनेकनचा उघडला. भाचा पण आला होता, १९ चा आहे, त्याच्या वाट्याला फक्त बोंबील आणि सोलकढी, महाराष्ट्रात बीअरला २१ पूर्ण लागतात आणि आमच्या घरी हे पाळलं जातं.

किंमत लोकल माइल्डपेक्षा जास्त पडते हे खरं. नुसतं टीव्हीसमोर बसून प्यायला एवढे पैसे घालू नका, त्याला साधी माइल्ड पुरते. पण तळलेलं खारट काही असेल, मासे असतील, घरी चार माणसं असतील तर मी हीच आणीन. दहापैकी नुसती प्यायला सहा, बाकरवडीबरोबर आठ, बोंबलाबरोबर साडेनऊ, मिसळीबरोबर दोन.

आणि एखादा कॅन अर्धा उरला तर ओतून देऊ नका. झाकून फ्रिजमधे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी भज्यांचं बेसन पाण्याऐवजी त्यात भिजवा, ओवा आणि मीठ घालून, पीठ भिजवल्यावर लगेच तळायला घ्या. जे काही बुडबुडे उरलेले असतात त्यांनी भजी हलकी होतात आणि कांद्याला किंचित ब्रेडचा वास लागतो. आमच्याकडे रविवारी सकाळी ती झाली, मेहुणा रत्नागिरीच्या गाडीत बसताना डब्यात उरलेली सगळी घेऊन गेला.